बी२० वर पिकअप : फिल्टर, डिपस्टिक आणि बाटल्या

मागची नोंद बी५ ची, म्हणजे ५ टक्के बायोडिझेल (वनस्पती तेल किंवा चरबीपासून केलेलं इंधन) मिसळलेल्या डिझेलची होती आणि तीत लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. अमेरिकेचं एएसटीएम डी९७५ मानक ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असलेलं इंधन साधं डिझेलच मानतं, युरोपच्या ईएन ५९० मध्ये ही मर्यादा ७ टक्के. तेवढ्याने इंजिनाला काही कळतही नाही. आता बी२० वर, म्हणजे २० टक्क्यांच्या मिश्रणावर, गाडी स्थिरावली आहे आणि नोंदवहीला जरा काम मिळालं आहे. इंजिन कॉमन रेल (सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन फवारणारं), टर्बो आणि डीपीएफवालं (डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर). कंपनीच्या पुस्तिकेत बी२० ला मुभा आहे. तुमच्या पुस्तिकेत बी७ च्या पुढे मनाई असेल तर इथलं नुसतं वाचून सोडून द्या.

आधी ॲव्हरेज, कारण सगळे तेच विचारतात. शुद्ध बायोडिझेलच्या लिटरमध्ये साधारण ८ टक्के ऊर्जा कमी असते, म्हणजे बी२० मध्ये दीड-दोन टक्के. हा फरक टायरची हवा, समोरचा वारा आणि मागे लादलेलं वजन यांतच बुडून जातो. माझ्या वहीत तो वेगळा काढता येत नाही. बी२० वर कोणाचं ॲव्हरेज दहा टक्क्यांनी पडलं असेल तर त्यांनी ब्रेक, इंजेक्टर, एअर फिल्टर आधी तपासावेत. आवाजात मात्र फरक आहे. थंड इंजिन सुरू करतानाची टकटक मवाळ झाली आहे. इंधन लवकर पेट घेतं, कारण बायोडिझेलचा सिटेन आकडा (इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप) बहुधा साध्या डिझेलपेक्षा वरचा असतो.

खरं नाट्य फिल्टरमध्ये घडतं. बायोडिझेल हे चांगलं द्रावक आहे; टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर ते सोडवतं आणि तो थेट फिल्टरवर येऊन बसतो. म्हणून सुरुवातीच्या टाक्यांनंतर फिल्टर बदलायचा हे आधीच ठरवलं होतं. काढलेला फिल्टर कापून पाहिला: कागदाच्या घड्यांमध्ये काळपट, ग्रीससारखा गाळ, वास डिझेलचा. नवा फिल्टर बसवून प्रायमर पंपाने एअर काढली. त्यानंतरच्या फिल्टरवर तसा थर नाही, म्हणजे टाकी बऱ्यापैकी धुऊन निघाली. जुन्या गाड्यांच्या मालकांनी एक जास्तीची गोष्ट बघावी: नैसर्गिक रबर आणि साध्या नायट्राइलचे पाइप, ओ-रिंग शुद्ध बायोडिझेलमध्ये फुगतात, मऊ पडतात. बी२० मध्ये हे सावकाश होतं, पण होतं. व्हिटॉनच्या (फ्लोरोरबरच्या) सीलना काही होत नाही. टाकीला किंवा पाइपांच्या जोडांना तांबं-पितळ असेल तर तेही नको. हे धातू बायोडिझेल खराब होण्याचा वेग वाढवतात.

मिश्रण घरी करणाऱ्यांसाठी एक हिशेब. टाकी ८० लिटरची, आत ३० लिटर बी५ शिल्लक. वरून ५० लिटर तयार बी२० भरलं तर टाकीत बी२० होत नाही. जुन्यातलं दीड लिटर आणि नव्यातलं दहा लिटर धरून साडेअकरा लिटर बायोडिझेल, म्हणजे जेमतेम १४ टक्के. खरं बी२० हवं असेल तर साडेचौदा लिटर शुद्ध बायोडिझेल आणि साडेपस्तीस लिटर डिझेल लागेल. डिझेल आधी ओतावं, बायोडिझेल नंतर. बायोडिझेलची घनता ०.८८ च्या आसपास, डिझेलची ०.८४ च्या, जड द्रव वरून पडला की खाली जाताजाता मिसळतो. उलट क्रमाने ओतलं आणि हवा थंड असली तर तो तळाशीच बसून राहतो.

विकतचं शुद्ध बायोडिझेल घेताना मी डी६७५१ किंवा ईएन १४२१४ या अमेरिकी-युरोपीय मानकांचा दाखला मागतो. त्याखेरीज घरची एक चाचणी: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल, हलवून थोडा वेळ तसंच ठेवायचं. तळाशी थेंब जमला तर तेलाची पूर्ण प्रक्रिया झालेली नाही. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, आगीपासून लांब. ही चाचणी पाणी किंवा साबण दाखवत नाही हे मात्र लक्षात ठेवावं. साबणातून आलेला सोडियम आणि पोटॅशियम डीपीएफमध्ये राख होऊन बसतो, आणि काजळीसारखी ती राख जाळून काढता येत नाही.

आता डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी. बी२० च्या सगळ्या चर्चेत मला हाच भाग सर्वांत कमी बोलला गेलेला वाटतो. अडकलेली काजळी जाळून डीपीएफ स्वच्छ होताना बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा, पिस्टन खाली गेल्यावर, थोडं जादा इंधन सोडतात. ते वाफ होऊन एक्झॉस्टमध्ये जावं आणि तिथे उष्णता तयार व्हावी अशी योजना. त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीला लागतो आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. साध्या डिझेलचे हलके घटक ऑइल तापलं की पुन्हा उडून जातात. बायोडिझेल मात्र जवळपास सगळंच ३३० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात उकळतं, संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) एवढं तापमान कधीच येत नाही. एकदा आत गेलेलं बायोडिझेल आतच राहतं, ऑइल पातळ करतं, पुढे स्वतः सडून गाळ धरतं.

माझ्याकडे डिपस्टिकची पातळी ऑइल बदलल्यापासून किंचित चढली आहे. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं. वाढणं बघून लोक खूश होतात, हीच पंचाईत. छोट्या फेऱ्यांच्या काळात चढ जास्त दिसली, कारण डीपीएफची अर्धवट तुटलेली सफाई पुन्हा पुन्हा सुरू होते. लांबच्या सलग प्रवासात चढ थांबली. प्रयोगशाळेत नमुना द्याल तर पद्धत कोणती ते विचारा. ऑइलचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेते ते तापमान) घसरण्यावरून इंधनाचा अंश काढतात ती चाचणी इथे फसते, कारण बायोडिझेलचा स्वतःचा फ्लॅश पॉइंटच बराच वर असतो. इन्फ्रारेड चाचणीत एस्टरची, म्हणजे बायोडिझेलच्या रेणूंची, खूण वेगळी ओळखू येते.

बाटल्यांकडे येतो. ॲडिटिव्हचं कपाट आता हलकं झालं आहे. वंगणक्षमता वाढवणारी बाटली बी२० ला फालतू आहे. गंधक काढताना डिझेलमधले वंगण देणारे घटकही जातात हे खरं, पण ते बायोडिझेलच भरून काढतं, आणि त्याला एक-दोन टक्केही पुरतात. सिटेन वाढवणारी, म्हणजे २-इथाइलहेक्झिल नायट्रेटवाली, मी बंद केली. आधीच वरच्या सिटेनवर तिचा परिणाम मला ऐकू येईना. इंजेक्टर साफ करणारं डिटर्जंट चालू ठेवलं आहे, कारण कॉमन रेलमध्ये दाब १,८०० बारच्या वर जातो आणि सुईच्या फटी अतिशय बारीक असतात.

पाण्याच्या बाबतीत बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं. काही ॲडिटिव्ह पाण्याला इंधनात मिसळवून टाकतात, काही त्याला वेगळं पाडतात. मला दुसऱ्या प्रकारची हवी, म्हणजे पाणी अडवणारा सेपरेटर आपलं काम करेल आणि ड्रेन प्लग उघडला की पाणी दिसेल. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी विरघळवून धरतं आणि गार झालं की सोडतं. पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढतात. त्यामुळे टाकी भरलेली ठेवणं आणि इंधन महिनोन्‌महिने पडून राहू न देणं हेच निम्मं औषध. गाडी उभी राहणार असेल तर मी बायोडिझेल टाळतो. अँटिऑक्सिडंट घालायचं तर ताज्या इंधनात, शिळ्यात घालून उपयोग नाही.

थंडीचा भाग अजून बाकी आहे. सोयाबीनच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट (मेणाचे स्फटिक दिसू लागतात ते तापमान) शून्याच्या आसपास, पामचा १३ अंशांच्याही वर, रेपसीडचा शून्याच्या खाली. तेव्हा कच्चा माल कोणता ते विचारल्याशिवाय बी२० वर हिवाळा काढायचा नाही. मेण गोठू न देणारं ॲडिटिव्ह गोठण्याआधी घालावं लागतं. आधीच जमलेलं मेण ते विरघळवत नाही, आणि डिझेलसाठी बनवलेलं बायोडिझेलच्या संपृक्त घटकांवर फारसं चालत नाही. शिवाय फिल्टरवर पांढरा थर आला आणि गरम करूनही गेला नाही, तर तो साध्या मेणाचा नसून मोनोग्लिसराइड किंवा स्टेरिल ग्लुकोसाइड या बायोडिझेलमध्ये उरलेल्या अशुद्धींचा असण्याची शक्यता मोठी. डी६७५१ मध्ये थंडीत मुरवून गाळण्याची चाचणी याच त्रासापायी आली: नमुना १६ तास साडेचार अंशांजवळ ठेवायचा, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायचा आणि ३०० मिलिलिटर ३६० सेकंदांत गाळून झालं पाहिजे.

पारा क्लाउड पॉइंटच्या दहा अंश जवळ आला की मी बी५ वर उतरणार. तोवर ऑइल कंपनीच्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो आहे आणि प्रत्येक बदलाचा नमुना इन्फ्रारेड चाचणीला देतो. काही इंजिनांत सफाईचं इंधन सिलिंडरऐवजी थेट एक्झॉस्टमध्ये वेगळ्या इंजेक्टरने सोडतात. तशी गाडी बी२० वर चालवणाऱ्या कोणाचा ऑइल अहवाल मिळाला तर माझ्या आकड्यांशेजारी लावून बघायचा आहे.