सातव्या दिवसाचा रकाना

थिसिस जमा होऊन चार महिने झाले, तरी संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं नाव निघालं की अजून माझं डोकं तापतं. प्रस्ताव तीनदा परत आला. बैठक महिन्यातून एकदाच, आणि दर बैठकीला एकच नवी शंका. तिन्ही शंका पहिल्याच पत्रात लिहिल्या असत्या तर माझे दोन महिने वाचले असते.

विषय असा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे ठोके थांबले, पण गर्भ पडून गेला नाही, की बाईसमोर तीन वाटा असतात: वाट पाहायची, गोळ्या घ्यायच्या, नाहीतर पिशवी साफ करून घ्यायची. कोणाला गोळ्यांनी पूर्ण मोकळं होता येईल याचा अंदाज आधी आला, तर त्या दुःखात तिची दुसरी खेप टळते. वय, आधीची बाळंतपणं, सिझर, गर्भाची लांबी, रक्त जायला लागलंय का, अशी माहिती आणि जुन्या केसेस संगणकाला द्यायच्या आणि त्याला शक्यता काढायला शिकवायचं. परदेशात असे प्रयत्न झालेत. पण तिकडच्या बायकांवर शिकलेल्या मॉडेलला आमच्या यवतमाळकडची हिमोग्लोबिन सात असलेली, सिकलसेलची, संध्याकाळनंतर एसटी नसलेल्या गावातली बाई कशी कळणार? म्हणून मला आमच्याच रजिस्टरांवर काम करायचं होतं.

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), गाइडची सही, रेकॉर्ड रूमची परवानगी सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते एका रकान्यात.

रजिस्टरमध्ये गोळ्या ठेवल्याची तारीख होती, डोस ८०० मायक्रोग्रॅम लिहिलेला होता, सिस्टरची सही होती. गोळ्या लागू पडल्या की नाही हे सांगणारा शेवटचा रकाना, ‘सातव्या दिवशी सोनोग्राफी’, पानामागून पान कोरा. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एकही नोंद नाही. रक्त थांबलं की बाई वावरात जाते, मजुरी बुडवून परत कोण येणार?

माझा इंजिनिअर मित्र म्हणाला, कोरं असेल तिथे ‘यशस्वी’ धर, त्रास झाला असता तर आली असती. हे अजिबात करू नका. तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे जाऊन तिने पिशवी साफ करून घेतली असेल, तर आपल्याला कुठून कळणार? आणि कोरे रकाने सगळ्यात जास्त लांबच्या गावांचे. ते यशस्वी धरले की संगणक शिकणार, लांबच्या बायकांना गोळ्या छान लागू पडतात. मग ज्यांना परत येणं सगळ्यात अवघड, त्यांनाच आपण गोळ्या देऊन घरी पाठवणार.

म्हणून फोन करून विचारायचं ठरवलं आणि कमिटीत अडकले. पहिली शंका संमतीची. (आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या तत्त्वांनुसार ओळख काढलेल्या जुन्या नोंदींसाठी संमती न घेण्याची सूट मागता येते, फोन केला की मात्र मामला वेगळा. एआयसाठी २०२३ ची वेगळी तत्त्वं आहेत, तीही प्रस्ताव लिहिण्याआधी वाचून काढा.) दुसरी, फोनवर नेमकं काय बोलणार ते शब्दशः लिहून द्या. तिसरी, फोन दुसऱ्याने उचलला तर? मी चिडून एका ओळीत लिहिलं, ‘कारण न सांगता ठेवीन.’ मंजुरी मिळाली.

पहिलाच फोन सासऱ्यांनी उचलला.

“कोन बोलते?”

“काका, दवाखान्यातून. ताई आहेत का?”

“वावरात गेली. दवाखान्यातून कायले? काय झालं सुनेले?”

रजिस्टरच्या त्या ओळीवर माझं बोट होतं. ‘सोबत: आई.’ ती माहेरून आली होती, सासरी कोणाला माहीतच नव्हतं. नंतर करते म्हणून फोन ठेवला, पण ‘दवाखाना’ हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. संध्याकाळी त्या घरात काय विचारलं गेलं असेल, हे आजही मनातून जात नाही. कमिटीवरचा राग उशिरासाठी आहे. तिसरी शंका त्यांचीच बरोबर होती.

जुन्या बायकांना फोन करणं तिथेच थांबवलं. कोरे रकाने कोरेच ठेवले आणि थिसिसमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. नव्या रुग्णांसाठी पुन्हा कमिटीकडे गेले: गोळ्या देतानाच संमती घ्यायची आणि विचारायचं, फोन कोणाचा, किती वाजता लावू, दुसऱ्याने उचलला तर काय म्हणू. हे पहिल्या दिवसापासून करा, माझ्यासारखं शेवटी नको.

आणखी एक राहिलं. फक्त ‘गोळ्या दिल्या’ अशी नोंद चालत नाही. २०१८ मध्ये ३०० बायकांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात मिसोप्रोस्टॉलच्या (पिशवी आकुंचन पावायला लावणारी गोळी) आधी मिफेप्रिस्टोन (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनला अडवणारी गोळी) दिल्यावर ८३.८ टक्के बायका एका डोसनंतर पहिल्याच तपासणीपर्यंत मोकळ्या झाल्या, नुसत्या मिसोप्रोस्टॉलवर ६७.१ टक्के. दोन्ही एकत्र टाकलं तर मॉडेल काय शिकणार? आणि गोळ्यांनंतरच्या सोनोग्राफीचा आकडा अंदाजाच्या माहितीत घुसू देऊ नका, ते म्हणजे प्रश्नासोबत उत्तरच देणं. माझ्याकडून घुसला होता, तेव्हा मॉडेल एकदम हुशार झालं आणि मी दोन दिवस खूश होते.

नव्या यादीतली पहिली बाई तेवीस वर्षांची, दुसऱ्यांदा गर्भ गेलेला. ती म्हणाली, “मॅडम, दोन ते तीनच्या मंधात लावा. तवा फोन माह्याजवळ रायते.” सातव्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी लावला. तिनेच उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली, सोनोग्राफी झाली, पिशवी मोकळी होती. रकाना मी स्वतःच्या हाताने भरला.