मघाशी कोरडा होता तो दगड

शाळेच्या सहलींची जोखीम तपासणं हे माझं काम. पालकांची संमतीपत्रं आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम आधी जागेवर जाऊन पाहण्यात आहे: रेंज कुठे जाते, पाय मुरगळलेल्या मुलाला उचलून रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागेल. मग प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्यायचे. घडण्याची शक्यता १ ते ५, घडलंच तर नुकसान १ ते ५. गुणाकारावरून ठरवायचं.

त्या वाटेवरच्या ओढ्याला पाहणीच्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं, तळ दिसत होता. शक्यता २, नुकसान ४. काळजी घेऊन ओलांडता येईल, असं मीच लिहून सही केली होती.

सहलीच्या दिवशीही लख्ख ऊन. ओलांडण्याआधी काठावर वीस मिनिटं थांबलो. मी डोकी मोजत होते. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मघाशी हा दगड कोरडा होता."

दगडाचा वरचा कोपरा तेवढा पाण्याबाहेर होता. मग मी पाण्याकडे नीट पाहिलं. पाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या, तळ दिसेनासा झाला होता. वरच्या डोंगरात पाऊस लागला होता. मी हवामानाचा अंदाज पाहिला होता तो फक्त आम्ही चालणार त्या भागाचा. ओढ्याचं पाणी जिथून येतं तिथला पाहिलाच नव्हता. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

मी परत फिरायचं म्हटलं. सोबतचे सर म्हणाले, "दोर बांधून एकेकाला नेऊ की." हे मी दरवेळी ऐकते आणि दरवेळी धास्तावते. दोराला बांधलेलं मूल प्रवाहात पडलं तर दोर त्याला जागीच धरून ठेवतो आणि पाणी त्याला खाली दाबतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. आपल्या गुडघ्याएवढं पाणी दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीला लागतं. जोखमीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायलाच हवं, आणि बहुतेकांना नसतं.

पाणी पुढे किती चढलं, कोण जाणे. ते पाहायला आम्ही थांबलो नाही. सर आजही म्हणतात, उगाच परतलो. त्यांना खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

बसमध्ये त्या मुलीच्या शेजारची सीट रिकामी होती. मी जाऊन बसले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "माझ्यामुळे सहल बुडाली का?" मी नाही म्हटलं. पण परतायचा निर्णय माझा आहे, हे काठावरच सगळ्यांना मोठ्याने सांगायला हवं होतं. तिथे मी फक्त "चला, मागे फिरा" एवढंच बोलले होते.

तक्त्यात आता वरच्या पावसाचा रकाना आहे. पुढच्या सहलीची यादी माझ्यासमोर आहे. तिचं नाव अजून आलेलं नाही.