गोडसे भटजींची पायपीट

रविवार, रात्री

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आज पुन्हा वाचून संपवला. पूर्वी वाचला होता तो सत्तावनच्या बंडाची हकिगत म्हणून. या वेळी बंड बाजूलाच राहिलं आणि मनात राहिलं ते चालणं.

पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं आणि १८५७ साली काकांना सोबत घेऊन निघाले. ना देशाटनाची हौस, ना इतिहास बघायची. सरळ पोटासाठीची पायपीट. वाटेत शिपायांची गाठ पडते, आता मोठा दंगा होणार असं ते सांगतात, आणि तरीही हे दोघे मागे फिरत नाहीत. रिकाम्या हातांनी घरी काय तोंड दाखवणार?

पायी जाणाऱ्याला प्रत्येक मुक्कामी विचारावंच लागतं: पुढे रस्ता कसा आहे, कोणाची फौज कुठे आहे, शिधा मिळेल का. पुस्तकाची सगळी घडण या विचारपुशीतून आली आहे. इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाडे बोलावून धर्मबुडवी कलमं पुढे ठेवली, असं भटजी बिनदिक्कत सांगतात. इतिहासकार हे मानत नाहीत. न मानोत! रस्त्यावर लोक त्या वेळी काय बोलत होते, हे मला दुसरीकडे कुठे मिळणार?

कडूही तेवढंच आहे. झाशी पडली तेव्हा भटजी शहरातच होते. कत्तल, लूट, लपून काढलेले दिवस; साठवलेली दक्षिणाही गेली. पण मी थांबले ती काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी. तिथे घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली, पठाणी वेशातली बाई म्हणजे झाशीची राणी. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, स्वतः काढते आणि मडक्यातलं पाणी ओंजळीने पिते. पुतळ्यांमधल्या राणीपेक्षा ही तहानलेली राणी मला जास्त खरी वाटते. भटजीही तहानेनेच विहिरीवर आले होते, म्हणून तर ती भेटली.

मी झाशीला गेले ती पंजाब मेलने. संध्याकाळी मुंबईत बसले, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले. मधल्या प्रवासातला चहा तेवढा आठवतो. तक्रार नाही, कंबर शाबूत राहिली. पण त्या प्रवासावर मला दोन पानं लिहायला सांगितली तर पंचाईत होईल.

पैसा गेला तरी भटजी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. यज्ञाची दक्षिणा हुकली ती हुकलीच. हे सगळं लिहिलं मात्र पंचवीसएक वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापलं १९०७ साली, तेही वैद्यांनी बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून इतिहास-संशोधक दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. ती ग्रंथालयात मागून ठेवली आहे. विहिरीचा प्रसंग भटजींच्या स्वतःच्या शब्दांत कसा आहे, ते आधी बघणार.