वन बाय थर्टीन

स्वतःच्या नावावर घेतलेलं ते माझं पहिलं लग्न. त्याआधी दीड वर्ष मी एका सीनियर फोटोग्राफरकडे सेकंड शूटर होते. सेकंड शूटरचं तसं बरं असतं. महत्त्वाचे क्षण सर टिपणार; आपण पेंगणारी मुलं, सजावट, दुसऱ्या बाजूचा अँगल. फ्रेम हुकली तर कुणाला कळत नाही आणि जमली तर ती सरांच्या नावाने अल्बमात जाते. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं, "फाइल्स माझ्या. वापरायच्या असतील तर विचारून." विचारून विचारून २३ लग्नांतले ११ फोटो माझ्या वाट्याला आले.

तर या ११ फोटोंवर मी कामं मागत होते. समोरचा माणूस मोबाइलवर अंगठा सरकवायचा, दोन-तीन सेकंदांत तळाला पोचायचा आणि म्हणायचा, "अजून?" या एका शब्दाचा मी एवढा धसका घेतला होता की कुठलीही जागा पाहिली की डोक्यात आधी यायचं, इथे बारावा फोटो मिळेल का?

काम मिळालं मैत्रिणीच्या ओळखीतून. तिच्या ऑफिसातल्या मुलीचं लग्न. मी रीतसर करार केला: किती तास, किती फोटो, किती दिवसांत, आगाऊ किती, आणि मी आजारी पडले तर कोण येणार. तयारीतही काही कमी ठेवली नाही. एक कॅमेरा बॉडी माझी, एक भाड्याची. दोन्हींची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली, नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावताना जीव जातो. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर. सहा बॅटऱ्या. नवरीच्या धाकट्या बहिणीकडून ग्रुप फोटोंची यादी मागवली, १४ ग्रुप, आणि प्रत्येक ग्रुपसमोर माणसं गोळा करणाऱ्याचं नाव. हे शेवटचं सरांकडून शिकले. ज्याला चेहरे माहीत आहेत असा घरातला एक माणूस हाताशी नसेल तर फोटोग्राफर स्टेजवर नुसता "काका कुठे गेले?" करत उभा राहतो.

इतकं सगळं केलं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

हॉलच्या दारात दिव्यांच्या माळा होत्या. पाहुणे यायला लागले होते आणि दाराशी एका खुर्चीत एक आजोबा काठीवर हनुवटी टेकवून अगदी निश्चल बसले होते. मला फ्रेम दिसली. शटर सावकाश ठेवायचं, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहतं, आजोबा स्थिर, त्यांच्या भोवतीची माणसं नुसत्या रंगाच्या रेघा. मी भिंतीला टेकले, शटर उतरवत उतरवत १/१३वर आणलं. एका सेकंदाचा तेरावा भाग. चालता माणूस तेवढ्यात व्यवस्थित ओघळतो. पंधरा मिनिटं मी तिथेच होते. कधी आजोबा मान हलवायचे, कधी कुणी मध्येच थांबून त्यांच्या पाया पडायचं आणि रेघेचा माणूस व्हायचा. शेवटी मिळाली. खरंच चांगली फ्रेम होती, आजही आवडते.

पण ती त्या घरासाठी नव्हती. नवरीने अशी फ्रेम मागितली नव्हती, त्या आजोबांनीही नाही. ती "अजून?" म्हणणाऱ्यासाठी होती.

तेवढ्यात बहिणीचा मेसेज आला, "ताई, वर या, आई आलीये." मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

खोलीत एकच मोठी खिडकी होती, पांढरा पडदा, मऊ उजेड. नवरी आरशासमोर उठून उभी राहिली होती. काकू दारातून आत आल्या, तिच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. आधी चष्मा काढला. घडी घालून ड्रेसिंग टेबलच्या कडेला ठेवला, अगदी रोज रात्री झोपताना ठेवत असतील तसा, सावकाश. मग दोन पावलं पुढे आल्या आणि लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. आई लेकीच्या खांद्यावर. उलटं नाही. नवरी शांत उभी राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी १९ फ्रेम्स घेतल्या. एटीफाइव्ह लेन्स, एफ टू म्हणजे लेन्सचं छिद्र चांगलं मोठं, फोकसचा चौकोन बरोब्बर काकूंच्या डोळ्यावर चिकटलेला. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडही कसा अगदी हवा तसा. मनात म्हटलं, झालं, आपण फोटोग्राफर झालो.

शटर अजून १/१३वर होतं.

ज्यांना यातलं कळतं ते विचारतील, लक्षात कसं नाही आलं? सांगते. मी शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) हाताने ठेवते, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, ऑटोवर. शटर सावकाश असल्याने कॅमेऱ्याने गुपचूप आयएसओ १००वर नेऊन उजेडाचा हिशोब बरोबर करून टाकला. खिडकी असली तरी आतल्या खोलीत १०० हा आकडा ओरडून सांगत होता काहीतरी, पण तो आकडा असतो खाली कोपऱ्यात आणि मी बघत होते काकूंना. एरवी कानाला तरी कळलं असतं. सावकाश शटरचा आवाजच वेगळा, 'खट' ऐवजी 'ख...टक'. पण खोलीत आवाज नको म्हणून मी सायलेंट मोड लावला होता. अशी एकेक शहाणपणाची गोष्ट दुसरीच्या हातात हात घालून आली.

कळलं चाळीस मिनिटांनी. सगळे बसून घेत होते, मी खांबामागे उभी राहून मागच्या स्क्रीनवर झूम केलं. पहिल्या फ्रेममध्ये दोन चेहऱ्यांच्या जागी पीठ सांडल्यासारखं काहीतरी. दुसरी तशीच. एकोणिसाव्यापर्यंत गेले. आणि सगळ्यात वाईट काय, तर चष्मा. टेबलाच्या कडेला ठेवलेला तो चष्मा १९च्या १९ फ्रेम्समध्ये धारदार आला होता. काड्यांचा स्क्रू दिसत होता. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताचा कंप खातं, समोरच्या माणसाचा खात नाही. त्यामुळे फोकसच्या अंतरावरची प्रत्येक निर्जीव वस्तू लख्ख होती आणि जिवंत माणसं तेवढी पुसली गेली होती.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, बरंच काही वाचवता येतं. उजेड कमीजास्त झाला, रंग पिवळा पडला, निभतं. हललेलं निभत नाही.

मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. ते कुठल्याशा लग्नातच होते, मागे गोंगाट. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, दहा मिनिटं मिळतील तेव्हा दोघींना परत खिडकीशी घेऊन जा. आणि आत्ता कॅमेरा बघ, शटर कितीवर आहे." बघितलं. नशीब, पायऱ्या उतरल्यावर मी सवयीने बदललं होतं. पुढचं सगळं ठीक होतं, सह्या, ग्रुप, स्टेज. व्हिडिओवाला गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) घेऊन दर दोन मिनिटांनी माझ्या फ्रेममध्ये शिरत होता, पण ते सगळ्यांच्याच नशिबी असतं.

दुपारी गर्दी पांगली तेव्हा मी काकूंना आणि नवरीला वर नेलं. "खिडकीशी एक छान फोटो घेऊ या दोघींचा, जवळ घ्या एकमेकींना." घेतलं त्यांनी. काकूंना कॅमेरा कुठे आहे ते ठाऊक होतं, हातांना कुठे थांबायचं ते ठाऊक होतं, हनुवटी बरोबर वर. १/२५०, लख्ख. त्या फोटोत चूक काढायला जागा नव्हती.

घरी ३१०० फ्रेम्समधून साडेपाचशे निवडायला चार रात्री गेल्या. पाचवी रात्र मी त्या १९मध्ये घालवली. हललेला फोटो सरळ करून देणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत, एक चालवून पाहिलं. त्याने काकूंना नवा डोळा दिला. पापण्या एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, फक्त त्या काकूंच्या नव्हत्या. कुणा परक्या बाईचा डोळा ओळखीच्या गालावर. मी लॅपटॉप मिटला.

त्याच रात्री कधीतरी वाचनात आलं, व्हिक्टोरिया राणीबद्दल. तिच्या स्वतःच्या लग्नाचा, १८४० सालचा, फोटोच नाही; फोटोची कला जगापुढे येऊन जेमतेम वर्ष होत होतं. पण २५ जानेवारी १८५८ला तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं, त्या सकाळी नवरा, मुलगी आणि ती असे तिघांनी डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवरचा त्या काळचा फोटो, काढून घेतला. त्या काळी प्लेटसमोर काही सेकंद तरी स्थिर राहावं लागे. राणी हलली. तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय की मी इतकी थरथरत होते की माझी छबी अस्पष्ट आली. वाचून क्षणभर बरं वाटलं, म्हटलं बघा, नवरीची आई आणि हललेला फोटो ही जोडी जुनीच आहे. मग वाटलं, कसली तुलना करतेयस? तिच्या फोटोग्राफरकडे दुसरा इलाजच नव्हता. तुझ्या कॅमेऱ्यात शटर १/८०००पर्यंत जातं.

मी लिंक पाठवली. त्यात दुपारचा, मुद्दाम काढलेला फोटो होता, सोबत एक शब्दही न लिहिता. ही त्या सगळ्या प्रकरणातली माझी खरी चूक. शटर विसरणं हा अपघात होता, हे मी ठरवून केलं होतं.

तीन आठवड्यांनी अल्बमची निवड करायला त्यांच्याकडे गेले. नवरी भराभर पुढे जात होती. तो फोटो आला तशा काकू म्हणाल्या, "थांब. हा नंतरचा ना?"

"कशावरून, आई?"

"माझ्या डोळ्यांवर चष्मा आहे. तेव्हा मी काढून ठेवला होता." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "तेव्हाचे कुठेत? तू होतीस की खोलीत."

मी सांगितलं सगळं. दारातल्या आजोबांच्या फोटोपासून. मध्ये कुणी बोललं नाही, त्यामुळे मला शेवटपर्यंत सांगावं लागलं. मग हार्ड डिस्क लावून १९मधला त्यातल्या त्यात बरा काढला. मला वाटतं, आतून कुठेतरी मी आशा धरून होते की आता काकूंचे डोळे भरून येतील, त्या म्हणतील, हाच खरा. काकूंनी चष्मा वर केला, खाली केला, स्क्रीनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "यात मी कुठली?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"असू दे," म्हणाल्या. "नको हा."

नवरी इतका वेळ गप्प होती. तिने दोन्ही काढून टाकायला सांगितले, हलका आवाज, राग नाही. त्या पानावर हॉलच्या दाराचा फोटो गेला. माझ्या रेघांचा, आजोबांचा. तिला तो आवडला होता. मी काय बोलणार?

उरलेले पैसे त्यांनी ठरल्या दिवशी दिले. दोन ओळींचा अभिप्राय लिहून द्याल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनीही आपणहून दिला नाही. लोक म्हणतात ना, एक लग्न नीट केलं की त्या घरातून तीन येतात, तसं त्या घरातून एकही आलं नाही.

पुढचं काम आलं ते भलतीकडून. त्या हॉलची सजावट करणाऱ्या बाईंना मी नवरीला विचारून त्यांच्या कामाचे आठ-दहा फोटो पाठवले होते. रिकामा हॉल, फुलं, त्या दिव्यांच्या माळा, एकही माणूस नाही. त्यांना आजवर कुणी आपणहून असे फोटो दिले नव्हते म्हणे. स्वतःच्या मोबाइलवर घाईघाईत काढायच्या आणि त्यात शिडी यायची, नाहीतर कुणाची तरी चप्पल. दोन महिन्यांनी त्यांनी एका गिऱ्हाइकाला माझा नंबर दिला. मग मेकअप करणाऱ्या एकीने, मग हॉलच्या मॅनेजरने. आज माझ्याकडे येणारी निम्मी कामं या लोकांकडून येतात. माझा पोर्टफोलिओ त्यांतल्या किती जणांनी तळापर्यंत पाहिला असेल देव जाणे.

आता कुठल्याही लग्नाला मी तासभर आधी पोचते. हॉल रिकामा असतो, तेव्हा ट्रायपॉड लावून १/१३ काय, अर्धा सेकंदही ठेवते, मनसोक्त खेळून घेते. पाहुणे यायच्या आत ट्रायपॉड गाडीत. दोन्ही बॉडींच्या मोड डायलवर पहिल्या कस्टम खुणेत १/२५० साठवलंय आणि कुठल्याही खोलीत पाऊल टाकण्याआधी डायल तिथे नेते. सायलेंट मोड फारच गरज असेल तर.

आणि एक सवय लागलीये, ती काही शिकून आली नाही. कुणी चष्मा काढायला लागलं की माझा अंगठा आपोआप डायलकडे जातो. बहुतेक वेळा तो माणूस नुसता काचा पुसत असतो.