काष्टीच्या बाजारात पहिली गाय घेताना

गाय घ्यायचं ठरल्यावर महिनाभर मी पेपरातले बाजारभाव कापून ठेवत होतो. संकरित गाय: आवक इतकी, किमान इतके, कमाल इतके, सर्वसाधारण इतके. किमान आणि कमाल यांत दुपटी-तिपटीचा फरक. कांद्यात अशी तफावत प्रतवारीची असते, हे माहीत होतं. गाईत ती कशाची, ते श्रीगोंद्याजवळच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मामांबरोबर गेलो तेव्हा उमगलं.

मामांनी भाव विचारलाच नाही. पहिला प्रश्न, "कितव्या वेताची?" वेत म्हणजे गाय व्यायची खेप. पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताची गाय पुढे किती दूध देईल त्याचा भरवसा नाही. दुसऱ्या वेताची असली की अंदाज आलेला असतो आणि दूध अजून वाढायचं असतं, म्हणून तिला भाव चढा.

मग त्यांनी गाईचा खालचा ओठ खाली ओढून दाखवला. पुढचे दात खालीच, आठ. वर नुसती हिरडी. दुधाचे दात असतील तर आदत. पक्की जोडी आली, म्हणजे साधारण दोन वर्षं उलटली, की दोन दाती. पुढे चार, सहा आणि आठही आले की जुळलेली. मालक "दुसरं वेत" म्हणत होता, पण दात जुळून झिजलेले होते. मामा काही न बोलता पुढच्या दावणीला गेले.

तिथली गाय मला आवडली. कास तटतटलेली. मालक म्हणाला, चौदा लिटर. हे दोन्ही वेळचं मिळून सांगतात. मामा हळूच म्हणाले, "सकाळची धार काढलेली नाही, दूध तुंबवून आणलंय. बारा धर." त्यांनी चारही सड पिळून पाहिले, मालकाकडून सडाची आणि मारण्याची, म्हणजे चारही सड चालू आहेत आणि गाय मारत नाही याची, बोली घेतली. बोली म्हणजे तोंडी हमी, आणि ती चारचौघांत घ्यायची.

सौदा रुमालाखाली झाला. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. हजार की दहा हजार, ते दोघांनाही ठाऊक असतं. नव्वद हजार सांगितलेली गाय बहात्तर हजारांना ठरली. पेपरात मात्र हा भाव किमान-कमालच्या मधे कुठेतरी विरघळून गेला असणार. वेत, दात, लिटर यातलं काही त्या तीन आकड्यांत येत नाही, आणि भाव तर त्यांच्यावरच ठरतो. निदान वेत तरी छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इसार दिला. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर पावतीवरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, मगच बाकीचे पैसे मोजले.

प्रवासाच्या शिणाने पहिले तीन दिवस ती दुधाला कमीच होती. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहा लिटर निघालं, संध्याकाळी पावणेसहा. मी लगेच मामांना फोन लावला.