पवनचक्क्यांच्या पायथ्याशी कालवं

नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतातलं यर्सेके हे कालवांवर जगणारं गाव. ओस्टरस्खेल्डे खाडीच्या काठाला विटांनी बांधलेले जुने हौद आहेत. पूर्वी खाडीतून काढलेली कालवं विकण्याआधी त्यांत ठेवत. दुकानात दोन जाती मिळतात. लांबट, खडबडीत ती जपानी, 1960च्या दशकात इथे आणलेली. चपटी, गोलसर ती इथली मूळची. 1962-63च्या कडाक्याच्या थंडीत ती जवळपास संपली होती, आणि पुढे 1980च्या सुमारास तिला मारणारा बोनामिया हा परजीवी आला. मी चपटी मागितली. कोकणातल्या खडपांवरची कालवं खात वाढलेल्या मला तिची लोखंडासारखी चव नवी होती, पण फार आवडली.

मला मात्र ओढ होती ती खाडीबाहेरच्या कालवांची. 1883च्या ओल्सेनच्या मासेमारी नकाशात उत्तर समुद्राच्या तळावर कालवांचे विस्तीर्ण पट्टे दाखवलेत. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी ते नाहीसे केले. आणि गेले ते आपोआप परत येईनात, कारण कालवाचं पिल्लू आठवडा-दोन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कायमचं चिकटायला टणक जागा शोधतं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचं कवच. कवचंच उरली नाहीत, तर खाली नुसती वाळू.

दुसऱ्या दिवशी वेस्टकापेलेच्या बांधावर गेलो. वारा उभं राहू देत नव्हता, पण हवा स्वच्छ होती आणि क्षितिजावर भर समुद्रात उभ्या बोर्सेलेच्या पवनचक्क्या दिसत होत्या. वाळू वाहून जाऊ नये म्हणून प्रत्येक खांबाभोवती दगड टाकलेले असतात, आणि तिथे तळ खरवडायला बंदी आहे. टणक जागा आणि शांतता, कालवांना हव्या त्या दोन्ही गोष्टी! 2020 साली ‘दे रायके नोर्डझे’ या उपक्रमाने तिथे सुमारे 2,400 प्रौढ कालवं सोडली. अशा ठिकाणी नेताना ती बोनामियामुक्त असावी लागतात, नाहीतर रोगच पेरला जाईल.

मला काळजी वाटते ती पुढची. पवनचक्क्यांचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं, आणि नंतर सगळं काढून नेण्याची अट असते. खांब खुशाल न्यावेत. पण तोवर दगडांवर कालवं, खेकडे आणि मासे वसलेले असतील, तर ते दगड तिथेच राहायला हवेत आणि जाळ्यांवरची बंदीही. हा नियम आत्ताच बदलून घ्यायला हवा.