मातृभाषेचा रकाना

रास्ता पेठेतल्या त्या घरी सकाळी पोचले तेव्हा मलिद्याचं ताट मांडून तयार होतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. मला हवा होता आजोबांच्या गालाच्या आतला नमुना, आणि तो काही खाण्याआधी घ्यायचा असतो. आजोबांनी ताट सरकवलं. "एलियाहू हनबीचं आहे, थांबेल. तू काम उरक." एलियाहू हनबी म्हणजे ज्यूंचा संदेष्टा, मलिदा त्याच्या नावाने.

आमचं काम वाय गुणसूत्राचं. बापाकडून मुलाकडे ते जवळजवळ जसंच्या तसं जातं. क्वचित डीएनएचं एखादं अक्षर बदलतं, तीच पुढे वंशाची खूण. पण बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, मूळ नुसते त्यांचेच नमुने तपासून कळत नाही. जे२ हा वाय गुणसूत्राचा गट पश्चिम आशियात भरपूर, तसा भारतातही आहे. आर१ए आपल्याकडे अनेक जातींत आणि काही ज्यू घराण्यांतही. म्हणून उपशाखेपर्यंत खाली उतरावं लागतं आणि अलिबागकडच्या कोळी-आगरी शेजाऱ्यांचेही नमुने लागतात. शेजारी न तपासता काढलेल्या निष्कर्षावर माझा विश्वास नाही.

आजोबांच्या तोंडात स्वॅब, त्यामुळे पूर्वजांची गोष्ट आजींनी सांगितली. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे.

"आता माझं घे."

"आजी, वाय बायकांत नसतं."

"यांना पणजोबांचं नाव आठवत नाही. घराण्याची सगळी नावं मला पाठ आहेत."

मला उत्तर सुचेना. मग २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. बेने इस्राएलांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आहेत. सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी ते मिसळले, आणि ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आला.

"मग त्या सात बायका?"

"आया बहुतेक इथल्याच दिसतात, आजी."

बोलून गेले आणि पोटात गोळा आला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट होती ती त्यांची. आजींनी माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला, चष्मा वर केला, एका रकान्यावर बोट ठेवलं. मातृभाषा: मराठी.

"हे तूच लिहिलंस ना आत्ता? मग बरोबरच आहे की."

त्यांचा नमुना मात्र मला घेता आला नाही. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त १६,५६९ अक्षरांचा, तपासायला अवघड नाही. पण मंजुरी पुरुषांच्याच नमुन्यांची होती. आजी तरीही सांगत राहिल्या: आई पेणची, तिची आई रोह्याची, तिची आई चौलची. मी वहीत लिहून घेतलं. चौथ्या नावाशी त्या अडल्या, डोळे मिटून बसल्या. आजोबांनी ताटाला हात लावला नव्हता.

संध्याकाळी नैतिकता समितीला अर्ज लिहायला बसले. स्त्रियांचे नमुनेही हवेत.